रोल्स-रॉइसच्या अंगावर चिलखत

नगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात लष्करी हद्द सुरू होते. निजामशाहीत बांधलेला, १५८३ साली पुरा झालेला फराहबाग महाल याच बाजूला आहे आणि त्याच्या जवळच कॅव्हलरी टँक म्युझियम. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते सुरू झालं. पन्नासेक रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे मांडलेल्या आहेत: ब्रिटिश माटिल्डा आणि चर्चिल, जपानी ची-हा, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन, आपला विजयंता. शाळेच्या सहली येतात आणि मुलं सगळ्यात मोठी तोफ शोधत पुढे पळतात. या संग्रहातलं सगळ्यात जुनं वाहन मात्र रणगाडा नाही. ती एक मोटार आहे. चिलखताच्या पत्र्याखाली तिचं लांब बोनेट अजून ओळखू येतं. ती रोल्स-रॉइस आहे, ‘सिल्व्हर घोस्ट’ चासीवर बांधलेली.

जगातली सगळ्यात शांत, सगळ्यात देखणी म्हणून विकली गेलेली गाडी मशिनगनचा बुरूज डोक्यावर घेऊन नगरच्या उन्हात उभी का आहे, याचं उत्तर शोधायला निघालं की गाडीत फेरफार करण्याच्या छंदाचा शंभर वर्षांचा इतिहास हाती लागतो. तो इतिहास कारखान्याच्या नकाशावर सुरू होत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या गरजेतून आणि मिस्त्रीच्या हातातून तो सुरू होतो. कारखाना मागून येतो.

आज गाडी म्हणजे शोरूममधून रंगासकट, सीटसकट, म्युझिक सिस्टिमसकट घरी येणारी वस्तू. १९०६ साली लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात रोल्स-रॉइसने आपली ४०/५० अश्वशक्तीची गाडी मांडली तेव्हा कंपनी विकत होती ती उघडी चासी: सांगाडा, सहा सिलिंडरचं इंजिन, चाकं, रेडिएटर. बॉडी बांधून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम. घोडागाड्या बांधण्यात पिढ्या घालवलेले कारागीर आता मोटारींच्या बॉड्या बांधत होते, आणि एकाच चासीवर कुणी बंद बग्गीसारखी बॉडी चढवी, तर कुणी शर्यतीसाठी हलकीफुलकी, टपाविना. म्हणजे फेरफार ही त्या काळी हौस नव्हती, खरेदीचा दुसरा टप्पा होता. १९०७ साली कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ६०५५१ क्रमांकाच्या चासीवरच्या बॉडीला ॲल्युमिनियमचा रंग दिला, दिवे-कड्या चांदीने मढवल्या आणि तिचं नाव ठेवलं ‘द सिल्व्हर घोस्ट’. भुतासारखी आवाज न करता येते आणि चांदीसारखी चमकते, एवढाच त्याचा अर्थ. एका गाडीची ही सजावट इतकी गाजली की पुढे सगळ्या मॉडेललाच ते नाव चिकटलं.

ही गाडी नुसती देखणी नव्हती, दमदारही होती, आणि तो दम तिने आपल्याच मुलखात दाखवला. १९०८ साली पश्चिम भारतात झालेल्या मुंबई–कोल्हापूर मोटार चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक ४०/५० उतरली होती. सुमारे ६२० मैल आणि सहा घाट तिने पार केले. रस्ते खडीचे आणि मातीचे, चढ बैलगाड्यांना दम लावणारे. त्यानंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. भारतीय राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसवेडाची सुरुवात बहुतेक वेळा याच खरेदीपासून सांगितली जाते.

पुढची तीस वर्षं संस्थानिकांनी गाड्यांवर जी कारागिरी करवून घेतली तिला तोड नाही. कोट्याच्या महाराव उम्मेदसिंहांनी १९२५च्या रोल्स-रॉइस फँटमला शिकारीची गाडी करून टाकलं. तिच्यावर शोधदिवे चढले, बंदुका ठेवायच्या सोयी झाल्या. कोल्हापूरच्या राजघराण्याची भगव्या रंगाची मेबॅक तर आजही शाही दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर पडते आणि लोक तिला पाहायला गर्दी करतात. रंग, दिवे, भोंगे, मागच्या सीटची नक्षी: आजचा हौशी तरुण आपल्या गाडीवर जे जे करू पाहतो, ते सगळं तेव्हा झालेलं आहे, फक्त चांदी-सोन्यात.

नगरच्या गाडीचा वंश मात्र या राजेशाही शाखेतून येत नाही. तिची शाखा सुरू होते डंकर्कमध्ये, एका गोदीत.

ऑगस्ट १९१४. महायुद्ध पेटलं होतं. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलाची एक तुकडी कमांडर चार्ल्स सॅमसन यांच्या हाताखाली फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. विमानं मोजकीच होती. पडलेल्या वैमानिकांना सोडवून आणायला आणि जर्मन घोडदळाची टेहळणी करायला सॅमसन यांनी तुकडीतल्या माणसांच्या खासगी मोटारी हाताशी धरल्या. त्यांचा भाऊ फेलिक्स याने एका मर्सिडीजवर मॅक्झिम मशिनगन बसवली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅसल गावाजवळ या उघड्या मोटारींची एका जर्मन गाडीशी चकमक झाली आणि कल्पना चालते हे कळलं. मग सॅमसन यांनी डंकर्कच्या जहाजबांधणी कारखान्यात दोन गाड्या नेल्या, एक मर्सिडीज आणि एक रोल्स-रॉइस. गोदीतल्या कामगारांनी बॉयलरचा पत्रा कापला, वाकवला आणि चासीवर रिव्हेट मारून बसवला. बॉयलर वाफ धरण्यासाठी असतो, गोळी अडवण्यासाठी नव्हे. जवळून मारलेली गोळी तो पत्रा भेदू शकत होती. पण हाताशी तोच होता.

या पहिल्या गाड्यांना टप नव्हता. गावातल्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून झाडलेली गोळी थेट आत यायची. मग वरून झाकायला हवं आणि बंदूक सगळीकडे फिरायला हवी, हे चालवणाऱ्यांनी लंडनला कळवलं. त्यातून फिरत्या बुरुजाचा नकाशा निघाला. नौदल खात्याने त्या शरद ऋतूत मिळतील तेवढ्या रोल्स-रॉइस चासी ताब्यात घेतल्या. डिसेंबर १९१४ मध्ये पहिल्या तयार गाड्या बाहेर पडल्या: पोलादी पेटी, वर गोल बुरूज, त्यात व्हिकर्स मशिनगन.

आतली गाडी पाहिली तर फेरफार किती नेमके होते ते कळतं. वजन साडेचार टनांच्या घरात गेलं, म्हणून कमानपाटे मजबूत केले आणि मागच्या बाजूला जोडचाकं लावली. रेडिएटरवर गोळी बसली तर गाडी जागीच संपली, म्हणून त्याच्यापुढे पोलादी झडपा आल्या. इंजिन तापलं की त्या उघडायच्या, गोळीबार सुरू झाला की बंद करायच्या. मागे लाकडी फळीवर सामानाची जागा राहिली. इंजिन, गिअर, चासी यांना मात्र जवळजवळ हातच लावला नाही. मूळची घडण इतकी पक्की होती की दुप्पटीहून अधिक ओझं तिने ओढून नेलं.

पण पत्रा चढेपर्यंत युद्धच बदललं होतं. पश्चिम आघाडीवर खंदक खणले गेले आणि चाकांच्या गाडीला तिथे रस्ता उरला नाही. मग या गाड्या मोकळ्या मुलखात गेल्या. मार्च १९१६ मध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या चिलखती गाड्यांनी लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमपर्यंत मजल मारली आणि बुडालेल्या ‘तारा’ जहाजाच्या कैदेतल्या खलाशांना सोडवून आणलं. त्यानंतर त्या अरबस्तानात टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मदतीला पोचल्या.

तिथला सप्टेंबर १९१८चा एक प्रसंग गॅरेजमध्ये काम केलेल्या कुणालाही आवडेल. तुर्की रेल्वेवरच्या हल्ल्यातून परतताना लॉरेन्सच्या रोल्स-रॉइस टेंडरच्या, म्हणजे सामानवाहू गाडीच्या, मागच्या कमानपाट्याचा ब्रॅकेट तुटला. शत्रूचे सैनिक येत होते. गाडीचा चालक एस. सी. रोल्स, आडनाव गाडीचंच, पण तो निव्वळ योगायोग. वाळूत चाक रुतलं तर वापरायला गाडीत लाकडाची तुळई होती. तिचे तीन ठोकळे करून पाट्याखाली दिले तर चासी सावरेल, हा हिशेब त्याने जागच्या जागी केला. करवत नव्हती. मग तुळईत ओळीने गोळ्या झाडल्या आणि भोकांच्या रेषेवर ती मोडून घेतली. जॅक लावला, ठोकळे बसवले, दोरीने करकचून बांधले आणि निघाले. तळावर आल्यावर लुटीतली टेलिग्राफची तार गुंडाळून बांधणी पक्की केली. ती गाडी तशीच पुढे तीन आठवडे चालली आणि दमास्कसमध्येही तशीच शिरली.

भारतात चिलखती मोटारी पहिल्या महायुद्धाच्या काळातच वायव्य सरहद्दीवर आल्या होत्या. इथलं ऊन आणि धूळ पाहता विलायती नमुना जसाच्या तसा चालणार नव्हता. पोलादी पेटीत उन्हाळ्यात माणूस भाजून निघायचा. १९२१ साली हिंदुस्थान सरकारसाठी वेगळा नमुना बांधला गेला, तो ‘इंडियन पॅटर्न’. शिरस्त्राणासारखा घुमटाकार बुरूज, बंदूक चहूबाजूंना लावता येईल अशी त्यात भोकं, आत उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉसचं अस्तर. रोल्स-रॉइस महाग पडते म्हणून दोनच वर्षांत क्रॉसली कंपनीच्या स्वस्त चासी आल्या, पण घुमटाचा आकार तसाच राहिला. आणि क्रॉसलीच्या चासी झिजल्यावर? त्यांच्या बॉड्या उचलून शेवरोलेच्या चासीवर बसवल्या. ब्रिटिश हवाई दलाने हेच रोल्स-रॉइसच्या बाबतीत केलं. दुसऱ्या महायुद्धात तिच्या चिलखती बॉड्या फोर्डसनच्या चासीवर चढल्या. एका गाडीचं धड आणि दुसरीचे पाय, ही जोडणी आपल्याकडच्या बॉडीबिल्डरला नवी नाही.

नगरला लष्करी धातुकामाचा वारसा जुना आहे. विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ साली नगरमध्येच ओतली गेली. इंग्रजी अमदानीत इथली छावणी वाढली आणि १९२४ साली रॉयल टँक कोअरची शाळा नगरला आली. सपाट माळ, कमी पाऊस, कठीण जमीन: जड गाड्या फिरवायला यासारखी जागा नाही. १९३८ साली सिंद हॉर्स आणि १३वी लान्सर्स या घोडदळांनी घोडे सोडले आणि यंत्रावर आले. १ मे हा आर्मर्ड कोअरचा दिवस आजही त्याच बदलाची आठवण म्हणून पाळतात. खरारा आणि नाल यांत आयुष्य गेलेल्या सवारांना आता क्लच, गिअर आणि ग्रीस शिकायचं होतं.

दुसऱ्या महायुद्धात भारताने स्वतःच्या चिलखती गाड्या बांधल्या, त्याही याच जोडकामाच्या पद्धतीने. कॅनडाहून फोर्डच्या चासी आल्या, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्यावर पोलादी बॉड्या चढल्या. ‘आर्मर्ड कॅरियर, व्हील्ड, इंडियन पॅटर्न’ असं लांबलचक नाव असलेल्या या गाड्या साडेचार हजारांवर तयार झाल्या. आगगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या हातांनी त्या बांधल्या, हे त्यांच्या सरळ, जाड, रिव्हेट मारलेल्या बॉडीवरून ओळखू येतं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रशिक्षणाच्या विखुरलेल्या शाखा नगरला एकत्र आल्या आणि आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. आज संग्रहालयात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या मुळात फेरफाराची अपत्यं आहेत, हे नीट पाहिलं की लक्षात येतं. आर्चर घ्या: व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या लहान चासीवर सतरा पौंडी मोठी तोफ बसेना, म्हणून ती उलटी, मागे तोंड करून बसवली. तोफ उडताना तिचा मागचा भाग चालकाच्या जागेकडे येई, त्यामुळे गोळे झाडायच्या आधी त्याला उठावं लागे. शर्मन क्रॅब घ्या: रणगाड्यापुढे फिरता रूळ आणि त्याला लटकवलेल्या ४३ साखळ्या. साखळ्या जमीन झोडपत जायच्या आणि सुरुंग रणगाड्याखाली न फुटता पुढेच फुटायचे. ही कल्पना अब्राहम दु तॉईत या दक्षिण आफ्रिकी कॅप्टनची होती. नॉर्मंडीत तर कर्टिस क्युलिन नावाच्या अमेरिकन सार्जंटने जर्मनांनीच समुद्रकिनाऱ्यावर रोवलेले पोलादी अडथळे कापून रणगाड्याच्या तोंडाला दात लावले, आणि शेताच्या जाड कुंपणातून वाट काढली.

पॅटनसमोर उभं राहिलं की मराठी वाचकाला पाकिस्तानशी झालेलं १९६५चं युद्ध आठवतं. असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद ज्या वाहनावरून पॅटन फोडत होते, ती एक साधी जीप होती. तिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ चढवलेली होती. पत्र्याचं चिलखत नाही, टप नाही. सॅमसन यांनी १९१४ मध्ये उघड्या मोटारीवर बंदूक बसवली, त्या कल्पनेची ती थेट वारसदार होती. हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

नगरमध्ये या सगळ्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती वाहननगरमध्ये दिसते. संरक्षण खात्याची व्हेइकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे व्हीआरडीई, तिथे आहे. तिचं मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाल्यात. फाळणीच्या वेळी ती नगरला आली. लष्करी वाहनं घडवण्याबरोबर नव्या गाड्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचं कामही ती करते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमात अशा अधिकृत संस्थांच्या यादीत तिचं नाव आहे. नव्या मॉडेलचे ब्रेक किती अंतरात लागतात, आवाज किती होतो, दिवे कुठे पडतात, हे चाचणीच्या मार्गांवर मोजलं जातं. घरी केलेल्या फेरफाराला हीच कसोटी अवघड जाते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. कर्कश सायलेन्सर किंवा कापलेली चासी यांवर होणाऱ्या कारवाईमागे हा कायदा आहे. त्याचं कारण रास्त आहे: कमानपाट्यांवर किती ओझं येतं, हे सॅमसन यांच्या मिस्त्रींना युद्धात जीव धोक्यात घालून शिकावं लागलं, सार्वजनिक रस्त्यावर तो धडा दुसऱ्याच्या जिवावर बेततो.

आणि तरीही नगरच्या लोकांनी गाडीवर हात चालवायचं थांबवलं नाही. त्यांच्या हातात आलेलं यंत्र रोल्स-रॉइस नव्हतं. ती होती लूना. नगरचे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली आणि १९७२ साली नगरच्या कारखान्यातून पन्नास सीसीची ही मोपेड बाहेर पडली. मूळ आराखडा इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या ‘चाओ’चा. सायकलसारखे पायडल, हलकं वजन, घरखर्चात बसणारं पेट्रोल.

इटलीत ती एका माणसाची गाडी होती. इथे ती कुटुंबाची आणि धंद्याची झाली. गवळ्यांनी मागच्या कॅरियरला लोखंडी कड्या बसवून दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या टांगल्या. कुणी भाजीचं पोतं बसेल इतकं कॅरियर रुंद करून घेतलं, कुणी पुढच्या पोकळीत गॅसची टाकी ठेवली, कुणी पोरासाठी पुढे छोटी सीट जोडली. हौसही होतीच: रंगीत रबरी मुठी, हँडलला लोंबत्या झुली, टाकीवर नाव, मडगार्डवर आईबापाचा आशीर्वाद. वेल्डिंगच्या दुकानात अर्ध्या तासात होणारी ही कामं कुणी मोजून ठेवली नाहीत, पण कंपनीच्या कानावर ती गेली असावीत. कारण एका माणसाच्या त्या मोपेडपासून निघालेल्या या यंत्राच्या पुढच्या आवृत्त्यांत दोघांसाठी लांब सीटचं टीएफआर आलं, डबल प्लस आलं, मॅग्नम आलं.

लूनाचं उत्पादन थांबूनही दोन दशकं उलटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, ज्या वर्षी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं त्याच वर्षी, कायनेटिक ग्रीनने ई-लूना बाजारात आणली. तिला बॅटरी आहे, पायडल नाही. मागची सीट स्क्रूड्रायव्हर न लावता काढता येते, तिथे सामान बसतं; पुढची जागा मोकळी सपाट ठेवली आहे आणि दीडशे किलो ओझं वाहण्याची तिची क्षमता सांगितली जाते. गवळ्याने कड्या जोडून आणि भाजीवाल्याने कॅरियर रुंद करून जे मागितलं होतं, ते आता कारखान्याच्या नकाशात छापलेलं आहे.